मेंदूचा कारभार



एखाद्याचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला की आपण ‘लकवा मारला’ म्हणतो आणि हाताला तेल चोळू लागतो. परंतु बिघाड हातात नसतो, डोक्यात असतो. तो कसा, तेवढेच आज सांगते.

मेंदू दिसायला सोललेल्या अक्रोडासारखा. शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. पण आपण घेतलेल्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो! (घरोघरी असा एखादा असतोच.) डोक्याच्या मागे, खालच्या बाजूस लहान मेंदू आहे. डोक्यावर घागर घेऊन आपण तोल सावरतो ती त्याची करामत. त्याच्या पुढे लंबमज्जा. श्वास व हृदयाचे ठोके तिच्याकडे, तिला झोपेतही रजा नाही. बाकी सारी कवटी मोठ्या मेंदूने व्यापली आहे.

ह्या मोठ्या मेंदूचे दोन अर्धे असतात. डावा अर्धा उजव्या अंगावर हुकमत चालवतो आणि उजवा डाव्या अंगावर. बोलण्याची जागा बहुतेकांच्या डाव्या अर्ध्यात असते. पॅरिसमध्ये १८६१ साली डॉ. पॉल ब्रोका यांनी एक रोगी पाहिला. त्याला बोललेले समजे, पण तोंडातून ‘तां’ एवढेच निघे. तो वारल्यावर मेंदू पाहिला, तर डाव्या अर्ध्याचा पुढील भाग बिघडलेला!

आमच्या थोरल्या जाऊबाईंचे असेच झाले. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. नातवाला हाक मारू जावे तर ‘पाणी, पाणी’ येई. भेटायला आलेल्या बाया त्यांच्यादेखत म्हणत, ‘डोकं फिरलं,’ ‘बाहेरचं काही असेल.’ त्यांना तर सारे कळत होते! टिपे गळत. म्हणून म्हणते, अशा माणसाजवळ जपून बोलावे. होय-नाही मानेने सांगता येईल असे विचारावे.

हा आजार शहरातलाच नव्हे. चंद्रपूरपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने २०११ ते २०१३ मध्ये ८६ खेड्यांतील मृत्यूंची नोंद ठेवली. सुमारे सातांत एक मृत्यू पक्षाघाताचा निघाला, आणि त्यांतले बहुतेक घरीच झालेले.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकते किंवा ती फुटते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो मरू लागतो. गाठ असेल तर ती विरघळविणारे इंजेक्शन आहे, पण ते साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सी.टी. स्कॅन करून. वणीहून नागपूर गाठण्यातच अडीच-तीन तास जातात! तेव्हा तेल, अंगारा ह्यांत वेळ दवडू नये. रक्तदाबाची गोळी ‘आता बरं वाटतं’ म्हणून मनाने बंद करू नये.

हसताना तोंड एका बाजूला गेले, वर केलेला हात खाली पडला, बोलणे बोबडे झाले, तर लगेच १०८ ला फोन लावावा, आणि स्कॅनची सोय कुठे आहे ते तेव्हाच विचारावे. पहिले लक्षण किती वाजता दिसले ते घड्याळात पाहून ठेवावे. दवाखान्यात तेच आधी विचारतात.