वार्धक्यशास्त्राची तोंडओळख
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)

 

संस्थेच्या स्थापनेच्या वेळी जे कार्यकर्ते तिशीत होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. संस्थेची पन्नास वर्षे मोजताना त्या पिढीच्या वयाचाही विचार व्हावा, म्हणून मी हा विषय निवडला आहे.

१९०३ साली शास्त्रज्ञ एली मेचनिकोव्ह यांनी ‘जेरोन्टॉलॉजी’ हा शब्द रूढ केला. आपण त्यास वार्धक्यशास्त्र म्हणतो. वृद्धांच्या आजारांवर उपचार करणारी जराचिकित्सा ही वैद्यकाची शाखा होय. वार्धक्यशास्त्र मात्र वयाबरोबर शरीर, मन, कुटुंब आणि समाज यांत होणाऱ्या सर्वच बदलांचा अभ्यास करते.

या शास्त्राचा पहिला धडा असा की, वय एकाच मापाने मोजता येत नाही. जन्मतारखेचे वय वेगळे, शरीराचे वेगळे, मनाचे वेगळे आणि समाजाने ठरविलेले वेगळे. आपल्या स्थानांगसूत्रात स्थविरांचे तीन प्रकार सांगितले आहेत. साठ वर्षांचा तो जातिस्थविर, आगमांचा जाणकार तो श्रुतस्थविर आणि वीस वर्षांचा दीक्षापर्याय असलेला तो पर्यायस्थविर. वयाने लहान असलेला साधूही ज्ञानाने स्थविर ठरू शकतो. आपल्या देशाचा कायदाही साठाव्या वर्षीच ज्येष्ठ नागरिक मानतो, हा योग लक्षणीय आहे.

दुसरा धडा असा की, वार्धक्य एका दिवसात येत नाही. आगमांत शंभर वर्षांच्या आयुष्याच्या दहा दशा वर्णिल्या असून, इंद्रियांचे बळ घटविणारी ‘हायनी’ ही सहावी दशा, म्हणजे पन्नाशीनंतरची. ही घट स्वाभाविक आहे; परंतु प्रत्येक तक्रार वयाच्या माथी मारू नये. एखादे नाव न आठवणे निराळे आणि रोजच्या वाटेवर घर न सापडणे निराळे. दुसऱ्या प्रसंगी वैद्यकीय तपासणी करून घेणे हे कुटुंबाचे कर्तव्य आहे.

तिसरा धडा मतभेदाचा आहे. १९६१ साली कमिंग व हेन्री या अभ्यासकांनी मांडले की, वृद्ध व्यक्ती व समाज परस्परांपासून हळूहळू दूर होतात आणि ते स्वाभाविकच असते. हॅविगहर्स्ट आदी अभ्यासकांचे मत याउलट होते; कार्यरत राहण्यातच समाधान आहे, असे ते म्हणत. रोह्याकडे पाहिले तर दुसऱ्या मताला बळ मिळते. बालपणी रोह्यात शिकलेले चिंतामणराव देशमुख १९६२ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो १९९६ साली, पंच्याहत्तरीत.

आपण म्हणाल, आपला धर्म तर निवृत्तीचा आहे. खरे आहे. परंतु निवृत्ती ही स्वेच्छेने स्वीकारायची असते. मुले मुंबई-पुण्यास गेली, पेढीवरचे हिशेब संगणकावर गेले आणि वडिलांना विचारेनासे झाले, तर त्याला निवृत्ती म्हणता येणार नाही. ती उपेक्षा होय. ती अनेक सुखवस्तू घरांतही आढळते.

यावर आपल्याकडे उपाय आहे तो वैयावृत्त्याचा. सेवेला आभ्यंतर तपात स्थान देणारा आपला धर्म आहे. २००७ च्या कायद्याने आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. पण कायदा पोटगी देववील, शेजारी बसून विचारपूस करणार नाही. ते काम श्रीसंघाचे. उपाश्रयाच्या पायऱ्यांना कठडा, प्रतिक्रमणासाठी काही खुर्च्या, मोठ्या टाइपातील पुस्तके आणि एकाकी ज्येष्ठांकडे आठवड्यातून एक फेरी, एवढ्याने आरंभ करता येईल. पाठशाळेतील मुलांना या ज्येष्ठांकडून संस्थेचा इतिहास लिहून घेण्यास सांगावे. पन्नास वर्षांचा तो इतिहास त्यांच्याच स्मरणात आहे आणि तो लिहून घेण्यास फार अवधी उरलेला नाही.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!