अनुदान, अर्ज आणि हवामानपूरक शेती



हवामानबदल आणि शेती या विषयाची चर्चा बहुधा तापमान, पाऊस आणि उत्पादन यांभोवती फिरते. प्रशासनाच्या दृष्टीने मात्र आणखी एक बाब निर्णायक ठरते. ती म्हणजे शेतकऱ्याचा अर्ज. अनुदानाचा दर किती, यापेक्षा ते कोणाला आणि केव्हा मिळते, यावर योजनेचे यश अवलंबून असते. बंगळूर ग्रामीण जिल्ह्यातील होसकोटे तालुक्याच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

शहाजीराजांच्या जहागिरीमुळे मराठी वाचकाला होसकोटे हे नाव अपरिचित नाही. नाचणी, द्राक्षे व भाजीपाला पिकविणारा हा तालुका महानगराच्या बाजारपेठेला लागून आहे. परंतु येथे बारमाही नदी नाही. दक्षिण पिनाकिनी या भागातून वाहते, तरी सिंचनाचा भार कूपनलिकांवरच पडला. केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनात हा तालुका 'अतिशोषित' गटात नोंदला गेला आहे. पावसात खंड पडला की कोरडवाहू पीक धोक्यात येते, आणि कूपनलिका अधिक खोल नेणे हा उपाय फार काळ टिकत नाही.

योजनांचे स्वरूप

कर्नाटक शासनाने २०१४ मध्ये 'कृषी भाग्य' योजना सुरू केली. तीत शेततळे, प्लास्टिक अस्तर, पंप आणि सूक्ष्म सिंचन यांचा एकत्रित विचार होता. सर्वसाधारण गटाला ८० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ९० टक्के अनुदानाची तरतूद होती. या तळ्याचे गणित सोपे आहे. वरच्या बाजूस २० मीटर लांब व २० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि एकास एक उताराच्या तळ्यात सुमारे ८७६ घनमीटर पाणी मावते. एक हेक्टरला ३० मिलिमीटरच्या दोन संरक्षित पाळ्या देण्यास ६०० घनमीटर पाणी लागते. बाष्पीभवन धरूनही ऐन खंडाच्या काळात पीक तगू शकते.

'प्रति थेंब अधिक पीक' या केंद्र पुरस्कृत घटकांतर्गत ठिबक व तुषार संचांसाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के साहाय्य ठरविण्यात आले. कमाल मर्यादा ५ हेक्टर आहे. अनेक राज्ये स्वनिधीतून त्यात भर घालतात. २०२२-२३ पासून हा घटक राष्ट्रीय कृषी विकास योजनेत समाविष्ट झाला.

अर्जाची वाट

पहिली अडचण भांडवलाची आहे. एक लाख रुपयांच्या कामावर ८० टक्के अनुदान असले, तर शेतकऱ्याचा वाटा २० हजारांचा होतो. मात्र रक्कम काम झाल्यावर मिळणार असेल, तर आधी पूर्ण लाख रुपये उभे करावे लागतात. ज्याची पत नाही, तो पात्र असूनही बाहेर राहतो.

दुसरी अडचण जमिनीच्या कागदाची. महाराष्ट्रात सातबारा, तसा कर्नाटकात पहाणी उतारा असतो. 'भूमी' प्रकल्पाने तो संगणकावर आणला. परंतु वारसनोंद झाली नसेल किंवा खाते सामाईक असेल, तर संगणकही तीच जुनी नोंद दाखवितो. शेतात राबणाऱ्या अनेक स्त्रियांचे नाव उताऱ्यावर नसते. १९७४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात खंडाने जमीन देण्यास जवळजवळ पूर्ण मनाई होती. त्यामुळे तोंडी कराराने कसणाऱ्याकडे पुरावाच उरत नाही.

या ठिकाणी अर्जसाहाय्याचे मोल कळते. होबळी म्हणजे महाराष्ट्रातील महसूल मंडळासारखा घटक. होसकोटे तालुक्यात कसबा, सुलीबेले, नंदगुडी, जडिगेनहळ्ळी व अनुगोंडनहळ्ळी अशा पाच होबळ्या आहेत. होबळी पातळीवरील रयत संपर्क केंद्र हे माहिती, बियाणे आणि अर्ज यांचे जवळचे ठिकाण असते. 'फ्रूट्स' प्रणालीतील शेतकरी ओळख क्रमांकामुळे तीच कागदपत्रे पुनःपुन्हा देण्याचा त्रास कमी होतो.

महाराष्ट्रातील नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये, सुरुवातीला १५ जिल्ह्यांसाठी आकारास आला. त्यात ग्राम कृषी संजीवनी समितीला नियोजनात स्थान मिळाले, अर्ज ऑनलाइन झाले आणि अनुदान थेट बँक खात्यात जमा होऊ लागले. तथापि आधी खर्च करण्याची अट तेथेही होती.

तात्पर्य, अनुदानाबरोबर अल्प मुदतीचे कर्ज, वारसनोंदींचा जलद निपटारा आणि अर्ज भरून देणारा प्रशिक्षित कार्यकर्ता यांची जोड आवश्यक आहे. मंजूर निधी आणि खर्च झालेला निधी यांच्या आकड्यांवर मूल्यमापन थांबू नये. अर्ज का फेटाळले गेले आणि अर्ज न करणारे कोण होते, याचीही नोंद हवी. उद्या प्रशासनात जाणाऱ्यांनी हा प्रश्न विचारला, तर हवामानबदलाचा पहिला फटका सोसणारा कोरडवाहू शेतकरी योजनेच्या यादीत शेवटचा राहणार नाही.