पत मोठी असावी, वापर थोडा असावा

नरडाण्याच्या स्टेशनातून सुरत–भुसावळची गाडी जाते, जवळून मुंबई–आग्रा रस्ता जातो, आणि औद्योगिक वसाहत झाल्यापासून शिंदखेडा तालुक्यातल्या पुष्कळ घरांत एक नवी गोष्ट आली आहे. ती म्हणजे महिन्याचा पगार. बाप कपाशी लावतो आणि मुलगा कारखान्यात जातो. पगार सुरू झाला की त्याच्या पाठोपाठ बँकेचा फोन येतो आणि फोनपाठोपाठ क्रेडिट कार्ड येते. या कार्डाविषयी आज तुमच्याशी चार गोष्टी बोलावयाच्या आहेत.

समजा, अशाच एका मुलाच्या कार्डाची मर्यादा 20,000 रुपये आहे. किराणा, पेट्रोल, बहिणीची फी असा दरमहा 12,000 रुपयांचा खर्च तो कार्डावर करतो आणि बिल आले की मुदतीच्या आत पैन् पै भरतो. दोन वर्षांनी घर बांधण्यासाठी तो बँकेत कर्ज मागतो. साहेब कागद पाहून म्हणतात, "तुमचा स्कोअर जरा कमी आहे." मुलगा चकित होतो. एकही हप्ता चुकला नाही, मग पत कमी कशी झाली?

पूर्वी पत दुकानदाराच्या वहीत असे. कोणाला किती उधार द्यावे हे माणूस पाहून ठरे. 1951-52 साली देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी झाली. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा 3 च्या आसपास निघाला. बाकीचा मोठा भार सावकार आणि व्यापारी यांच्यावर होता. आज ती वही चार कंपन्यांच्या यंत्रांत गेली आहे. त्यांतली सिबिल ही सर्वांच्या तोंडी असलेली, ती 2000 साली स्थापन झाली. बँका आपल्या प्रत्येक कर्जदाराची नोंद या कंपन्यांकडे पाठवतात आणि त्यावरून 300 ते 900 पर्यंतचा एक आकडा काढला जातो. अनेक बँका तो आकडा पाहूनच गृहकर्जाचा व्याजदर ठरवतात.

हा आकडा काढताना वेळेवर फेड पाहतात, हे तर आलेच. पण आणखी एक गोष्ट पाहतात: दिलेल्या मर्यादेपैकी तुम्ही किती वापरता? आपल्या मुलाने 20,000 पैकी 12,000 वापरले, म्हणजे शेकडा 60. यंत्राला त्याचे घर दिसत नाही, त्याचा स्वभाव माहीत नाही. त्याला एवढेच दिसते की हा माणूस मिळालेली उधारी अर्ध्याहून अधिक खाऊन बसतो. शेकडा 30 च्या आत राहावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. तो कायदा नव्हे, पण धरून चालावा असा अंदाज आहे.

आता गंमत पाहा. मर्यादा 60,000 असती आणि खर्च तोच 12,000 राहिला असता, तर वापर शेकडा 20 भरला असता. पाणी तेवढेच, घागरीत काठोकाठ दिसते, हौदात तळाशी दिसते. म्हणून कार्ड घेताना मोठी मर्यादा मिळेल असे पाहणे यात गैर काही नाही.

पण ती मिळवावी कशी? मर्यादा बँक ठरवते, मिळकत आणि मागची फेड पाहून. ज्या बँकेत पगार जमा होतो तिला तुमची आवक दिसते, तेव्हा पहिली विचारणा तिथे करावी. वर्षभर चोख व्यवहार झाला, पगार वाढला, की नव्या पगारपत्रकासह मर्यादा वाढवून मागावी. तुमच्या स्पष्ट संमतीवाचून बँकेने मर्यादा वाढवू नये, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा आदेश आहे. ज्याला पगारपत्रक नाही त्याने मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड पाहावे. त्यात ठेवीच्या बऱ्याचशा भागाइतकी मर्यादा मिळते.

एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज मात्र टाकू नयेत. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते आणि माणूस पैशासाठी दारोदार फिरतो आहे असे दिसते. जुने, वर्षाला फी नसलेले कार्ड उगाच बंद करू नये. ते बंद केले की एकूण मर्यादा घटते आणि तोच खर्च मोठा दिसू लागतो. आणि दोन कार्डे असतील तर सगळा बोजा एकावर टाकू नये, कारण एकूण वापराबरोबर एकेका कार्डाचा वापरही पाहिला जातो.

मर्यादा वाढत नसेल तरी उपाय आहे, आणि त्याला खर्च नाही. बहुधा बिल निघते त्या दिवशीची बाकी कळवली जाते. तेव्हा बिल निघण्याच्या चार दिवस आधीच थोडे पैसे भरून टाकावेत. आपल्या मुलाने 12,000 पैकी 8,000 आधी भरले, तर बिलात 4,000 उरतील, म्हणजे शेकडा 20. 2025 पासून बँकांनी ही माहिती किमान पंधरवड्याला एकदा पाठवावयाची आहे. तेव्हा सुधारणा दिसायला फार दिवस लागत नाहीत. उशिरा भरल्याचा डाग मात्र वर्षानुवर्षे राहतो.

आता मुख्य गोष्ट. मर्यादा म्हणजे मिळकत नव्हे. अहिराणीत सांगायचे तर, पैसा शे, पन आपला नही. मर्यादा 60,000 झाली म्हणून त्याच मुलाने मोबाईल आणि फटफटीचे सामान घेऊन खर्च 40,000 वर नेला, तर वापर शेकडा 66 च्या वर जाईल, आणि पगारातून ते फिटणार नाही. मग तो बिलावरची 'किमान रक्कम' तेवढी भरील. ती भरल्याने दंड टळतो, व्याज टळत नाही. अनेक कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असते, म्हणजे वर्षाला 42! सावकाराला नावे ठेवणाऱ्या आपण हा हिशेब डोळ्यांआड करू नये. कार्डावर रोख काढली तर व्याज पहिल्या दिवसापासून चालू होते.

आणि शेतीच्या घरात एक चूक हमखास घडते. जूनमध्ये बी-खताला पैसे नसतात आणि मुलाच्या कार्डावर मोठी मर्यादा रिकामी दिसते. पण कार्डाचे बिल दीड-पावणेदोन महिन्यांत मागायला येते, आणि कपाशीचा पैसा दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. पीक आपल्या हंगामाने येते, कार्ड आपल्या तारखेने. या दोहोंचा मेळ बसत नाही. पेरणीसाठी किसान क्रेडिट कार्ड आहे. ते 1998 साली निघाले, त्याची मर्यादा पिकावरून ठरते आणि फेडही हंगामाला धरून असते. नाव सारखे असले तरी जात वेगळी. बापाचे कार्ड शेताला, मुलाचे कार्ड पगाराला. एकाची गरज दुसऱ्यावर ढकलू नये.

शेवटी एक काम सांगतो. प्रत्येक पत कंपनीने वर्षातून एकदा तुमचा पूर्ण अहवाल फुकट द्यावा, असा नियम आहे. तो मागवा आणि घरात बसून वाचा. फेडलेले कर्ज थकलेले दाखवले असेल, न घेतलेले कार्ड नावावर असेल, तर लेखी तक्रार करा. तक्रार 30 दिवसांत मिटली नाही, तर पुढच्या दर दिवसाला 100 रुपये भरपाई मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

मोठी पत मिळवावी, ती मिरवण्यासाठी नव्हे. घर बांधायचे असेल, दुखणे-बाणे निघाले, तर त्या दिवशी दार उघडे असावे म्हणून मिळवावी. ती रिकामी राहते तोवरच तिची किंमत आहे. आज रात्री जेवण झाले की घरातले कार्ड आणि मागचे बिल पुढे घ्या, आणि मर्यादेपैकी शेकडा किती वापरले ते पाटीवर मांडून पाहा.