मढीच्या यात्रेतील गाढवांचा बाजार



अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात जनावरांचा बाजार म्हटला की काष्टीचा शनिवार नाहीतर घोडेगावचा शुक्रवार आठवतो. तेथे मान बैलाचा आणि म्हशीचा. परंतु ज्याच्या वाट्याला पोळा नाही आणि झूलही नाही, अशा जनावराचाही एक नामांकित बाजार या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या भरत आला. तो पाथर्डी तालुक्यातील मढीचा, गाढवांचा बाजार.

गर्भगिरीच्या रांगेत मढीला कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा चालते. रंगपंचमी हा तिचा मुख्य दिवस. होळीचा मान गोपाळ समाजाकडे आहे. कैकाडी, बेलदार, वैदू, कुंभार अशा अनेक समाजांचे लोक येथे येत. त्यांपैकी कित्येकांना वर्षभर एक गाव असे नसे. माती, वाळू, विटा वाहणारे गाढव हेच अनेकांचे भांडवल. शेतकऱ्याला जमीन, तशी त्यांना ती दोन-चार जनावरे.

गुजरातेतून येणारे काठेवाडी गाढव उंच व ताकदीचे, म्हणून त्याला दाम अधिक. गिऱ्हाईक प्रथम तोंड उघडून दात पाही. दोन दातांचे ते ‘दुवान’, चार दातांचे ‘चौवान’. भाव उघड बोलण्याऐवजी उपरण्याखाली बोटे धरून ठरविण्याची रीत तर जनावरांच्या बाजारांतून सर्रास होती. बघ्यांना आकडा कळत नसे हे खरे. पण पुष्कळदा तो जनावराच्या धन्यालाही पुरता कळत नसे, आणि दलालाचे फावे. या रीतीचे कौतुक करताना एवढे ध्यानी ठेवावे. उधारीचा व्यवहार मात्र विलक्षण होता. कागद नाही, अंगठा नाही; रक्कम पुढच्या यात्रेत चुकती करावयाची, आणि साक्षीला देव व जमात.

ही जमात नुसती साक्षीला नसे. यात्रेतच जातपंचायती बसत आणि सोयरिकी, देणीघेणी, भांडणे यांचा निवाडा करीत. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्यांच्यावर जन्मतःच शिक्का मारला होता, त्यांना सरकारी चावडीवर दाद मागण्याचे धैर्य कोठून येणार? तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पंचांचा निवाडा स्वस्त व झटपट असे, हे मान्य केले तरी दंडाची आणि वाळीत टाकण्याची झळ गरिबाला, त्यातही स्त्रीला, अधिक बसे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा जुलै २०१७ पासून अमलात आहे.

आता ओझी ट्रॅक्टर आणि टेम्पो वाहतात. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे साडेसतरा हजार गाढवे आढळली. २०१२ साली ती एकोणतीस हजारांवर होती. देशातील घट तर साठ टक्क्यांहून अधिक आहे. जी जनावरे अजून बाजारात येतात, त्यांना फाल्गुनाच्या उन्हात पाण्याचा हौद, सावली आणि पशुवैद्यकाची तपासणी लागते. विकणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या हाती पावतीही पडावयास हवी. आणि दुवान-चौवानाची भाषा जाणणारे वृद्ध व्यापारी यात्रेत भेटतील, तेव्हा परिसरातील शिक्षकांनी ते शब्द वहीत उतरवून घ्यावेत.