परदेशाचा उंबरठा



परदेशी जाऊन आलेल्यांच्या तोंडी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, ‘कागद कोणी पाहतसुद्धा नाही, खुशाल जा.’ दुसरा म्हणतो, ‘एक अक्षर चुकले की परत पाठवतात.’ दोघेही आपापल्या अनुभवापुरते खरे बोलतात. माझे म्हणणे असे की, नियमाचा कडकपणा तो वाचून कळत नाही. तो कोणावर, कोठे आणि कोणाच्या हातून बजावला जातो, यावरून कळतो.

इतिहासातला एक दाखला घेऊ. कॅनडाने १९०८ साली नियम केला की, येणाऱ्याने मायदेशातून वाटेत न थांबता थेट यावे. त्यात हिंदुस्थानचे नावही नव्हते. परंतु हिंदुस्थानातून तसे जाणे जवळजवळ अशक्य होते. २३ मे १९१४ रोजी बाबा गुरुदित्तसिंगांनी भाड्याने घेतलेली ‘कोमागाता मारू’ ही बोट ३७६ प्रवाशांसह व्हँकूव्हरला पोचली. प्रवासी बहुतेक शीख, आणि ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन! तरीही पूर्वीपासून तेथे राहणारे वीसेक जण आणि आणखी काही थोडे सोडले, तर कोणालाही उतरू दिले नाही. दोन महिन्यांनी बोट परत फिरली. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज येथे गोळीबार झाला आणि सुमारे २० माणसे प्राणास मुकली. २०१६ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

आज दाराशी बंदूक दिसत नाही. पण दारच अलीकडे सरकले आहे. ब्रिटनने १९८७ साली कायदा केला की, अपुऱ्या कागदांचा प्रवासी आणणाऱ्या विमान कंपनीने वा बोटीने दंड भरावा. पुढे ही रक्कम माणशी २ हजार पौंड झाली. इतर देशांतही असे कायदे आहेत. साहजिकच मुंबईच्या विमानतळावरचा तिकीट तपासणारा कारकून परदेशाचा पहारेकरी बनतो. पासपोर्टची मुदत थोडी कमी असली, तर तो सवलत देत नाही. कारण दंड त्याच्या कंपनीला बसणार!

आणि व्हिसा म्हणजे प्रवेशाचा हक्क नव्हे. अमेरिकेत शेवटचा निर्णय प्रवेशस्थानावरचा अधिकारीच घेतो. युरोपातील शेंगेन देशांत अल्पकाळ राहणाऱ्याला १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. पूर्वी हा हिशेब शिक्के मोजून होई. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तो यंत्रावर नोंदवण्यास सुरुवात झाली. शिक्का नजरेतून निसटे, यंत्र विसरत नाही. तेव्हा ‘मागल्या वेळी चालले’ हा आधार आता सोडावा.

मग सामान्य माणसाच्या हाती काय? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला. त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा आला. म्हणजे आपले घर सोडण्याचा हक्क आपल्याला आहे. दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा नाही. प्रत्येक राष्ट्राला आपले दार राखू द्यावे; परंतु नियम आधी जाहीर असावा, सर्वांना सारखा असावा आणि नकाराचे कारण लेखी मिळावे, एवढे मागणे रास्त आहे. शेंगेन देशांच्या २००९ च्या व्हिसा-संहितेत कारण देण्याची आणि अपिलाची तरतूद आहे, हे ध्यानात ठेवावे.

कडक नियम सहन होतो. लहरी नियम माणसाचा मान घेतो. १९१४ च्या बोटीवरील माणसांनी कायदा मोडला नव्हता. कायदाच त्यांना मोडण्यासाठी केला होता. आपण कागद चोख ठेवू. पण कागद पाहणाऱ्याकडून न्यायाची अपेक्षाही सोडू नये.