दोन सर्व्हर आणि तिसरा साक्षीदार



"तू नेमकं काय करतेस?" असं सकाळपासून पाच जणांनी विचारलं. मी सर्व्हरच्या जोड्या लावते. एक बंद पडला की दुसऱ्यानं त्याचं काम उचलायचं. यालाच फेलओव्हर म्हणतात.

आपल्याकडे रोवणीच्या वेळी लाइन गेली की डिझेल इंजिन लावतात, तसंच. फरक एवढाच, की पाणी कुठल्याही पंपाचं सारखंच असतं. डेटाबेसचं तसं नाही. तुम्ही पाठवलेले पैसे पहिल्या सर्व्हरनं नोंदवले आणि जोडीदाराला कळवण्याआधीच तो बंद पडला, तर जोडीदाराच्या लेखी तुम्ही पैसे पाठवलेच नाहीत! म्हणून पैशांच्या कामात दोघांकडे नोंद झाल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही. दोघांमधलं अंतर वाढलं की यात वेळ जातो, तो सोसायचा.

खरी अडचण पुढेच आहे. दोघे एकमेकांना सतत 'मी आहे' असा निरोप देत असतात. तो निरोप थांबला, तर जोडीदार गेला की मधली लाइन तुटली? दोन्ही वेळा ऐकू येते ती शांतताच. दुसऱ्यानं घाईनं कारभार हाती घेतला आणि पहिलाही चालूच असला, तर एका खात्याच्या दोन वह्या सुरू होतात. खात्यातले तेच हजार रुपये दोघेही काढू देतात. माझ्या मते सेवा तासभर बंद राहणं यापेक्षा बरं. म्हणून तिसऱ्या जागी एक छोटा साक्षीदार ठेवतात. तिघांपैकी दोघांचं एकमत झालं तरच बदल करायचा, आणि नवा कामाला लागण्याआधी जुन्याची वीज तोडायची. निर्दय वाटतं, पण ही पायरी मी कुणाला गाळू देत नाही.

तुमच्यापैकी जे शेअर घेतात त्यांना २४ फेब्रुवारी २०२१ आठवत असेल. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईत, सकाळी ११.४० ला व्यवहार थांबले ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. टेलिकॉम लाइन दोन वेगळ्या कंपन्यांच्या होत्या, तरी दोन्हींत बिघाड आला. चेन्नईला राखीव केंद्र होतं, पण बाजार तिकडे हलवला गेला नाही. पुढच्याच महिन्यात सेबीनं नियम केला: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करा आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम पूर्ववत करा. मला यातली पहिली अट जास्त मोलाची वाटते. यंत्रं तयार असतात. 'आता हलवा' म्हणायला माणूस कचरतो.

ती भीती सरावानंच जाते. २ मार्च २०२४ ला, शनिवार असूनही, बाजार उघडला होता. आधी मुख्य केंद्रावरून, मग ११.३० पासून राखीव केंद्रावरून, आणि तेही खऱ्या पैशांनी.

आम्हीही चालू सर्व्हर मुद्दाम बंद करून पाहतो. उद्या पहाटे चारलाच तसा सराव आहे, लॅपटॉप सोबत आणलाय. तेव्हा आज रात्रीच्या गप्पांना मी दहापर्यंतच आहे. ज्यांना माझ्या तक्रारी बाईंना सांगायच्या आहेत, त्यांनी त्याआधी सांगून घ्याव्यात.