गाणे ऐकायची खोली

आपल्या जालन्यात घर बांधायला काढले की सळई इथल्याच कारखान्यातली घेतो, सिमेंटवरून वाद घालतो, देवघराची दिशा दहा जणांना विचारतो. हॉलचे माप मात्र एका दमात ठरते: दहा बाय वीस. स्लॅबही दहा फुटांवर. गाणे ऐकायला याहून वाईट माप शोधून सापडायचे नाही.

समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनी ये-जा करत असतो. भिंतींमधले अंतर ज्या सुराच्या अर्ध्या तरंगलांबीएवढे, तो सूर त्या खोलीत फुगतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे सूरही. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ध्वनी सेकंदाला सुमारे ११६० फूट जातो. म्हणजे दहा फुटांना, वीस फुटी तरंगलांबीला, सेकंदाला ५८ कंपने. आता हिशेब करा. रुंदीची ५८, उंचीची ५८, वीस फूट लांबीची २९ आणि तिची दुप्पट पुन्हा ५८. तिन्ही एकाच जागी येऊन बसली! पुढे ११६ वर तीच गर्दी. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तानपुऱ्याचा खर्जही ११६ च्याच आसपास असतो. तो कोपऱ्यात घुमत राहतो आणि दोन-अडीच फूट सरकले की विरतो. अंबडला दत्तजयंतीचे गाणे समोर बसून ऐकलेल्या कानांना हे खटकल्याशिवाय राहत नाही. दोष मात्र बिचाऱ्या स्पीकरला लागतो.

आता उंची तीच ठेवून खोली बारा बाय सोळा करा. ३६, ४८, ५८, ७२, ९७: सूर पांगले. ध्वनीचे अभ्यासक बोल्ट यांनी १९४६ मध्ये आणि लाउडन यांनी १९७१ मध्ये खोलीच्या उंची-रुंदी-लांबीची अशी प्रमाणे मांडली. लाउडन यांचे एकास १.४ आणि १.९, म्हणजे दहा फूट उंचीला चौदा बाय एकोणीस. हा काही मंत्र नव्हे. खिडक्या, दारे, उघडा जिना सगळा हिशेब हलवतात, आणि प्रमाणाचा उपयोग मुख्यतः खालच्या सुरांपुरता. वरच्या सुरांचा गोंगाट चकचकीत फरशी आणि मोकळ्या भिंती करतात. जुन्या माळवदाच्या घरात मातीच्या भिंती आणि लाकडी तुळया असत, तिथे तो कमी जाणवे. पडद्यांनी, गाद्यांनी हा गोंगाट आवरतो. खर्ज आवरत नाही, दुकानदार काहीही सांगो.

ज्यांचे घर उभे आहे त्यांनी निदान बैठक हलवावी. मागच्या भिंतीला टेकून बसू नका, मधोमधही नको. वीस फुटांत समोरच्या भिंतीपासून सात-आठ फुटांवर बसून पाहा. आणि ज्यांचा नकाशा अजून मंजुरीला जायचा आहे, त्यांनी उद्याच इंजिनिअरला सांगावे: रुंदी उंचीएवढी नको, लांबी रुंदीच्या दुप्पट नको. कागदावर रेघ सरकवायला पैसे पडत नाहीत.